जुनी पेट्रोल पिकप घेताय? कार्बोरेटर की इंजेक्शन, पैसे देण्याआधी हे सगळं तपासा

मालासाठी जुनी पेट्रोल गाडी घ्यायची म्हटलं की आपल्याकडं पहिला प्रश्न हाच निघते, कार्बोरेटरवाली (पेट्रोल नुसत्या हवेच्या ओढीनं आत जाते) घ्यावी का इंजेक्शनवाली (कॉम्प्युटर मोजून फवारा मारते). एक जण म्हणते कार्बोरेटर घे भाऊ, गावातला मिस्त्री झाडाखाली बसून खोलून देते, दुसरा म्हणते कशाला ते जुनं झंझट, सेन्सरवाली घे, चाबी मार आणि निघ. दोघंही आपापल्या जागी खरं बोलतात पण अर्धंच. माझं मत आधीच सांगून टाकतो मंग बाकीचं वाचा. रोज पहाटे संत्रा नाहीतर भाजी घेऊन मार्केटला पोचायचं असेल आणि तालुक्याच्या ठिकाणी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारं मशीन) असलेला एक तरी चांगला वायरिंगवाला असेल, तर धडधाकट इंजेक्शनची गाडी घ्या. गाडी फक्त शेत ते गोदाम चालणार असेल, दिवसातून एखादी खेप, आणि जवळ कार्बोरेटर समजणारा मिस्त्री असेल, तर कार्बोरेटरवाली अजूनही चालते, पण आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल येऊन राहिलं म्हणून तिच्यावर थोडा खर्च करूनच ती रस्त्यावर काढा. आणि तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी, खराब हालतीतली इंजेक्शनवाली घेण्यापेक्षा चांगली ठेवलेली कार्बोरेटरवाली कधीही बरी.

आधी हे क्लिअर करा

डिझेलला कार्बोरेटर नसतेच. हे सांगावं लागते कारण लय लोक टाटा ४०७ नाहीतर जुन्या पिकपबद्दल विचारतात की "ही पंपवाली म्हणजे कार्बोरेटर का?" नाही. डिझेल इंजिन पहिल्यापासून इंजेक्शनवरच चालते, जुन्यांत मेकॅनिकल पंप आणि नोझल, नव्यांत कॉमन रेल. २००५ साली आलेला छोटा हत्ती ७०२ सीसीचा दोन सिलिंडरचा डिझेल, त्याच्यातही कार्बोरेटरचा प्रश्न नाही. आपली तुलना आहे ती जुन्या पेट्रोल गाड्यांची. आपल्या भागात म्हणजे मुख्य करून मारुतीची ओम्नी व्हॅन, ७९६ सीसी, तीन सिलिंडर, जिची मागची सीट काढून कॅरेट भरतात, आणि जिप्सी, जी १९८५ मध्ये ९७० सीसीत आली, १९९६ मध्ये १.३ लिटरची झाली तरी कार्बोरेटरवरच होती, आणि २००० च्या सुमारास तिला मल्टीपॉइंट इंजेक्शन (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर) मिळालं. ताडोबा, पेंचला सफारीत फिरलेल्या जिप्स्याही नंतर विकायला निघतात, त्या घेताना सस्पेन्शन आणि चेसिस जास्त पहा, इंजिन नंतर. ईको २०१० मध्ये आली ती इंजेक्शनचीच. कधी कधी पेट्रोलची जुनी जीपही मिळते, तिला हाच सगळा हिशोब लागू आहे, फक्त पार्ट शोधायची तयारी ठेवा.

कंपन्यांनी कार्बोरेटर सोडला तो धुराच्या नियमांमुळं. २००० पासून देशात शिसेविरहित पेट्रोल आणि धुराचे नवे नियम आले, सायलेन्सरमध्ये धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसला, आणि त्या कन्व्हर्टरला हवा-पेट्रोलचं मिश्रण अगदी नेमकं लागते जे कार्बोरेटर दर क्षणी देऊ शकत नाही. अमेरिकेतही तसंच झालं, फोर्डच्या एफ-१५० पिकपला ५ लिटरच्या इंजिनवर १९८५ मध्ये इंजेक्शन आलं, शेवरोलेनं १९८७ मध्ये थ्रॉटल बॉडी इंजेक्शन दिलं, टोयोटाच्या पिकपमध्ये २२आर म्हणजे कार्बोरेटर आणि २२आरई म्हणजे इंजेक्शन असे दोन्ही बरोबरच विकले गेले, आणि तिकडं शेवटची कार्बोरेटरवाली पिकप म्हणजे १९९४ ची इसुझु. हे सांगायचं कारण की मोबाईलवर जे व्हिडिओ दिसतात ते बहुतेक याच गाड्यांचे राहतात. तत्त्व शिकायला ते व्हिडिओ एक नंबर आहेत, पण त्यातले जेटचे नंबर आणि प्रेशरचे आकडे आपल्या तीन सिलिंडरच्या ओम्नीला लावू नका.

पायरी १: गाडी कोणती आहे ते स्वतः डोळ्यांनी पहा

विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका आणि नुसत्या सालावरही जाऊ नका, कारण इंजिन बदललेल्या गाड्या लय फिरतात. ओम्नीचं इंजिन समोरच्या सीटखाली राहते, सीट उचला. कार्बोरेटरवाल्या इंजिनात एअर फिल्टरचा डबा किंवा त्याचा पाइप सरळ एका धातूच्या तुकड्यावर बसलेला दिसेल ज्याला एक्सिलेटरची केबल, एखादी चोकची (थंड इंजिनला जास्त पेट्रोल मिळावं म्हणून हवा अडवणारी पट्टी) केबल आणि बारीक रबरी नळ्या लागलेल्या राहतात. आत डॅशबोर्डवर चोकचा खेचायचा नॉब. इंजिनच्या अंगाला लहान मेकॅनिकल पेट्रोल पंप. इंजेक्शनवाल्यात प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाशी एक इंजेक्टर म्हणजे पेट्रोलचा फवारा मारणारी तोटी, त्याच्यावर वायरचा कनेक्टर, आणि सगळ्यांना जोडणारी एक पेट्रोलची नळी म्हणजे फ्युएल रेल. चाबी ऑन केली की टाकीकडून दोन-तीन सेकंद बारीक "झूंऽऽ" आवाज येते तो पंप, आणि डॅशबोर्डवर इंजिनचं पिवळं चित्र लागते.

थ्रॉटल बॉडी इंजेक्शन नावाचा मधला प्रकार वरून अगदी कार्बोरेटरसारखा दिसते, पण त्याच्या तोंडावर इंजेक्टर आणि वायर असते. आपल्याकडं तो क्वचितच, बाहेरून आणलेल्या जुन्या गाडीत दिसू शकते.

दोघांचं काम कसं चालते, थोडक्यात

कार्बोरेटरमध्ये हवा अरुंद गळ्यातून जोरात जाते, तिथं दाब कमी होते आणि वाटीतलं पेट्रोल जेटच्या बारीक भोकातून ओढलं जाते. किती पेट्रोल जाईल ते भोकाची साइज, वाटीतली लेव्हल आणि हवेचा वेग ठरवते. हवा गरम आहे का थंड, आपण सपाटीला आहे का घाटात, हे त्याला कळत नाही. इंजेक्शनमध्ये पंप पेट्रोलला साधारण अडीच-तीन बार दाबानं इंजेक्टरपर्यंत आणते, आणि इसीएम म्हणजे आपल्या मिस्त्र्यांच्या भाषेत "कॉम्प्युटर" हवेचा दाब, पाण्याचं तापमान, थ्रॉटल म्हणजे एक्सिलेटरनं उघडणारी हवेची झडप किती उघडली, सायलेन्सरमध्ये ऑक्सिजन किती उरला हे पाहून इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा ते ठरवते.

म्हणजे कार्बोरेटर बिघडते तो कचऱ्यानं, झिजण्यानं, रबर सुकल्यानं. इंजेक्शन बिघडते ते जास्त करून वायर, अर्थिंग, कनेक्टर, पंप आणि सेन्सरपायी. तुमच्या आसपास यातलं काय दुरुस्त करणारा माणूस आहे, त्याच्यावर तुमचा निर्णय.

पायरी २: सकाळी थंड इंजिनवर जा

विकणाऱ्याला आदल्या दिवशी फोन करून सांगा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्यागेल्या इंजिनवर हात ठेवा. गरम लागलं तर चहा पिऊन या नाहीतर दुसऱ्या दिवशी जा, कारण जुन्या गाडीचं सगळं खरं पहिल्या स्टार्टलाच दिसते.

कार्बोरेटरवाली असेल तर एक्सिलेटर एक-दोनदा दाबा, चोक पूर्ण ओढा, स्टार्टर मारा. चार-पाच सेकंदात पेटली पाहिजे. सुरुवातीला काळसर धूर चालते. एक-दोन मिनिटांत चोक हळूहळू आत ढकलत जा, इंजिन न अडखळता मिनिटाला ८००-९०० फेऱ्यांच्या आसपास आयडलिंगवर, म्हणजे पाय न लावता चालते त्या वेगावर, बसलं पाहिजे. गरम झाल्यावरही थोडा चोक ठेवावाच लागून राहिला तर मिश्रण पातळ आहे (पेट्रोल कमी, हवा जास्त), पायलट जेट म्हणजे आयडलिंगला पेट्रोल देणारं बारीक भोक चोकलंय किंवा कुठून तरी हवा ओढून राहिली. उलट गरम झाल्यावरही काळा धूर आणि पेट्रोलचा वास येत असेल तर नीडल व्हॉल्व्ह (वाटीत येणारं पेट्रोल अडवणारी सुई) गळते, फ्लोटची (वाटीत तरंगून ती सुई बंद करणारा तुकडा) लेव्हल वर आहे, चोकची पट्टी अडकलीय, नाहीतर एअर फिल्टर आपल्या काळ्या मातीच्या धुरोळ्यानं गच्च भरलाय. फिल्टर आधी पहा, फुकटात काम होते.

आता गाडी बंद करा, एअर फिल्टरचं झाकण काढा, टॉर्च लावून कार्बोरेटरच्या गळ्यात पहा आणि हातानं थ्रॉटल पटकन उघडा. पेट्रोलची एक बारीक पण जोरदार धार आत पडलेली दिसली पाहिजे, लगेच, थ्रॉटल हलता क्षणी. धार उशिरा आली, तुटक आली, नुसते थेंब पडले, तर एक्सिलेटर पंपाचा डायफ्राम गेला. हीच गाडी मंग पाय दाबल्यावर एक क्षण "भूऽ" करून बसते आणि नंतर उठते. हे पाहताना जवळ बिडी-सिगरेट कोणीच पेटवायची नाही, आजूबाजूला चार माणसं गोळा होतातच, त्यांना आधी बाजूला करा.

इंजेक्शनवाली असेल तर एक्सिलेटरला पायच लावू नका. चाबी ऑन, पिवळं चित्र लागलं का पहा, पंपाचा आवाज ऐका, मंग स्टार्ट. थंड असताना आयडलिंग आपोआप थोडं जास्त राहते आणि इंजिन तापलं की खाली येते. चालू झाल्यावर पिवळं चित्र विझलं पाहिजे. आणि जर चाबी ऑन केल्यावर ते चित्र लागतच नसेल तर सावध व्हा, बल्ब काढून टाकलेला राहू शकते, म्हणजे ते चित्र सतत लागून होतं आणि विकण्यासाठी लपवलं. अशा गाडीचा सौदा स्कॅन झाल्याशिवाय करूच नका.

पायरी ३: कार्बोरेटरला दोष देण्याआधी

हे दोन्ही गाड्यांना लागू आहे. मिस मारून राहिली की लोक सरळ कार्बोरेटर नाहीतर इंजेक्टर खोलायला घेतात, आणि दोष निघते प्लगमध्ये किंवा हाय टेन्शन वायरमध्ये. आधी प्लग काढा. विटकरी-तांबूस रंग असेल तर मिश्रण बरोबर, कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढराफट्ट म्हणजे हवा जास्त, ओला तेलकट म्हणजे रिंग नाहीतर व्हॉल्व्ह सील गेलं. डिस्ट्रिब्युटरची (प्लगांना करंट वाटणारा डबा) कॅप काढून आत ओल आणि तडा पहा, पॉइंटवालं जुनं इंजिन असेल तर पॉइंट जळलेत का पहा. टॅपेट म्हणजे व्हॉल्व्हचं अंतर सेट आहे का. शेवटी कॉम्प्रेशन म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजा, सगळ्या सिलिंडरचा आकडा जवळजवळ सारखा पाहिजे, एकात मोठा फरक असेल तर कार्बोरेटर सोन्याचा लावला तरी गाडी ओढणार नाही. कॉम्प्रेशन गेज महाग नाही, गावातल्या दोघा-तिघांनी मिळून घेतला तरी चालते.

हवा कुठून ओढते ते पाहायला साबणाच्या पाण्याचा बारीक फवारा मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणारा पाइप) जोडांवर आणि रबरी नळ्यांवर मारा. आयडलिंग बदललं की गळती तिथंच. काही जण यासाठी कार्ब क्लीनर किंवा पेट्रोल शिंपडतात, चालू गरम इंजिनवर ते आग लावायचं काम आहे, करू नका.

पायरी ४: कार्बोरेटर साफ करायचा असेल तर असा

१. बॅटरीची निगेटिव्ह काढा, पेट्रोलची नळी क्लिपनं दाबा. काढण्याआधी चारी बाजूंनी मोबाईलवर फोटो घ्या, प्रत्येक व्हॅक्यूम नळी कुठून कुठं गेली ते दिसलं पाहिजे. या नळ्या उलटसुलट लागल्या की गाडी महिनाभर छळते.

२. मिश्रणाचा स्क्रू काढण्याआधी हलक्या हातानं आत बसेपर्यंत फिरवा आणि किती आटे झाले ते लिहून ठेवा. बसवताना तेवढेच बाहेर काढायचे. जोर लावून आवळला तर त्याचं टोक आणि सीट दोन्ही खराब.

३. वाटी उघडा. लय दिवस उभी राहिलेली गाडी असेल तर तळाला तपकिरी लापशीसारखा थर दिसेल, आणि धातूवर पांढरी भुकटी. ती पांढरी भुकटी म्हणजे पाणी येऊन धातू खाल्ला गेलाय. थर साफ होते, पण भुकटीखाली खड्डे पडले असतील, विशेष करून नीडलच्या सीटजवळ, तर त्या कार्बोरेटरवर पैसे लावू नका.

४. फ्लोट कानाजवळ नेऊन हलवा. आत पेट्रोल भरल्याचा आवाज आला तर बदला. शंका असेल तर गरम पाण्यात बुडवून ठेवा, बुडबुडे आले की भोक आहे.

५. रबराचे, डायफ्रामचे सगळे पार्ट आधी बाजूला काढा, मंगच क्लीनरचा फवारा मारा, नाहीतर क्लीनर रबर फुगवते. जेटमध्ये तार घालायची नाही. हे मी हात जोडून सांगतो, कारण आपल्याकडं सर्रास क्लचच्या केबलची तार घालतात. जेटचं भोक मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजलेलं राहते, तारेनं एकदा मोठं झालं की एव्हरेज कायमचं गेलं. क्लीनर आणि हवेचं प्रेशर, बस.

६. थ्रॉटलची दांडी बोटांनी वर-खाली हलवून पहा. खटखट हलत असेल तर तिथून हवा जाते आणि कोणतंही रिपेअर किट ते भरून काढत नाही. बुश टाकणारा खरादीवाला शोधा किंवा दुसरा कार्बोरेटर पहा. गाडी घेण्याआधीच ही दांडी हलवून पहायची, भाव पाडायला एवढं एक कारण पुरते.

७. किटमधली नवी नीडल, सीट, गॅस्केट टाकून बसवा. गॅस्केटच्या ठिकाणी सिलिकॉन थापू नका, त्याचे तुकडे तुटून जेटमध्ये बसतात. वाटीला काचेची खिडकी असेल तर लेव्हल खुणेवर आहे का पहा.

८. इंजिन पूर्ण तापवा. मिश्रणाचा स्क्रू हळूहळू फिरवत आयडलिंग सगळ्यात जास्त कुठं जाते ती जागा शोधा, मंग आयडलिंगच्या स्क्रूनं वेग खाली आणा, परत एकदा मिश्रण पहा. आणि शक्य असेल तर हे शेवटचं काम पीयूसीवाल्याच्या मशीनवर करा. सायलेन्सरमध्ये नळी लावून सीओचा (कार्बन मोनॉक्साइड) आकडा समोर दिसत असताना स्क्रू फिरवला की अंदाजपंचे काम राहत नाही. पेट्रोलच्या चारचाकीत भारत स्टेज २ (सरकारी धुराचे नियम) च्या आधीच्या गाडीला सीओ ३ टक्क्यांपर्यंत चालते, भारत स्टेज २ आणि ३ मध्ये बनलेलीला ०.५ टक्के. दुकान तालुक्याला असेल तर दुपारी गर्दी नसते तेव्हा जा आणि त्याला नीट विचारून करा, बहुतेक जण हो म्हणतात.

पायरी ५: इंजेक्शनवाली तपासायची असेल तर अशी

स्कॅनर लावण्याआधी बॅटरी आणि अर्थिंग. चालू गाडीत बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट पाहिजे. व्होल्टेज पडलं की कॉम्प्युटर चुकीचं वागते आणि आपण सेन्सर बदलत बसतो. इंजिनपासून बॉडीला गेलेली अर्थची पट्टी काढून घासून परत आवळा, अर्धे आजार तिथंच जातात.

मंग वायरिंग. आपल्याकडं कापसाचा सीझन आला की घरात, गोदामात उंदीर वाढतात आणि गाडी बाजूलाच उभी राहते. सीट उचलून हार्नेसच्या म्हणजे वायरच्या जुडग्याच्या खाली हात घालून पहा, इंजिनच्या कोपऱ्यात सरकीसकट कापसाचा बोळा आणि बाजूला दातानं सोललेली तांब्याची वायर, हे लय गाड्यांत सापडते. वरून टेप गुंडाळलेली असेल तर टेप खोला. कार्बोरेटरवाल्या गाडीत उंदरानं वायर खाल्ली तर लाइट जाईल, हॉर्न जाईल, इंजेक्शनवालीत गाडीच उभी राहील.

पंपाचं प्रेशर गेज लावून पहा, अडीच-तीन बार आणि गाडी बंद केल्यावर लगेच शून्यावर यायला नको. प्रेशर कमी असेल तर आधी फिल्टर. आणि टाकीत पंप असलेली गाडी जन्मभर रिझर्व्हवर चालवलेली असेल तर पंप लवकर जाते, कारण त्या पंपाला गार ठेवणारं पेट्रोलच राहते. विकणाऱ्याला विचारा टाकी किती ठेवत होते, सहज बोलता बोलता खरं सांगून जातात.

मल्टीमीटर असेल तर दोन सेन्सर घरीच कळतात. थ्रॉटल सेन्सरचं व्होल्टेज पाय सोडलेला असताना साधारण अर्धा व्होल्ट आणि पूर्ण दाबल्यावर चार-साडेचारच्या घरात, आणि मधे कुठं उडी न मारता सलग चढलं पाहिजे. पाण्याच्या तापमानाचा सेन्सर थंड असताना दोन-तीन हजार ओहम आणि तापल्यावर तीनशेच्या आसपास येते. हा एक स्वस्त सेन्सर गेला की कॉम्प्युटरला इंजिन कायम थंडच वाटते आणि गाडी भसाभस पेट्रोल पिते, मालक म्हणते इंजिन गेलं.

बाजारात मिळणारा ब्लूटूथचा स्वस्त स्कॅनर २०१३ च्या आधीच्या गाडीला लागेलच असं समजू नका, जुन्या गाड्यांना कंपनीचं टूल किंवा जुना अनुभवी वायरिंगवाला लागते. गाडी घेण्याआधी त्याला फोन करून विचारा, "भाऊ, अमुक मॉडेल स्कॅन होते का तुमच्याकडं?" नाही म्हटलं तर ती गाडी तुमच्यासाठी नाही, कितीही स्वस्त असो.

अजून एक, पिकपवाल्यांनी खास लक्ष द्या. मागं लोखंडी कॅरियर, फाळका वेल्डिंग करायचा असेल तर आधी बॅटरीच्या दोन्ही वायर काढा आणि कॉम्प्युटरचा कनेक्टरही काढा. चालू गाडीत बॅटरीची वायर काढून डायनॅमो तपासायची जुनी सवयही सोडा. आणि वॉशिंग सेंटरवर इंजिनवर प्रेशरचं पाणी मारू देऊ नका.

उन्हाळा: आपल्याकडची खरी परीक्षा

मे महिन्यात चंद्रपूर, नागपूर, वर्ध्याकडं पारा ४५ च्या वर जाते, त्यात ओम्नीचं इंजिन सीटखाली कोंडलेलं. चालू गाडीत पंखा आणि वारा असते, पण नागपूरच्या कळमना मार्केटला माल उतरवायला गाडी बंद केली की इंजिनची गरमी वर चढते आणि कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उकळून गळ्यात सांडते. मंग गाडी स्टार्ट होत नाही, आणि माणूस घाईघाईत एक्सिलेटर पंप करते, म्हणजे अजून पेट्रोल आत. असं झालं की एक्सिलेटर पूर्ण दाबून धरा, पंप करू नका, आणि स्टार्टर मारा, जास्तीचं पेट्रोल निघून जाते. चालता चालता गाडी मरत असेल तर पंपाच्या आधीच्या नळीत वाफ होऊन राहिली, पंपावर ओला फडका ठेवून सावलीत दहा-पंधरा मिनिटं थांबा.

कायमचा इलाज म्हणजे कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डच्या मधला गरमी अडवणारा बेकेलाइटचा जाड तुकडा जागेवर आहे का पहा, लय मिस्त्री तो काढून फेकतात. पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून लांब घ्या, टाकीकडं जाणारी रिटर्नची नळी मोकळी आहे का फुंकून पहा. इंजेक्शनवालीत पेट्रोल दाबाखाली राहते म्हणून ते सहजासहजी उकळत नाही, या एका बाबतीत ती सरळ सरळ वरचढ आहे आणि उन्हाळ्यात मार्केटचा धंदा असणाऱ्यानं याच कारणासाठी ती घ्यावी असं मला मनापासून वाटते.

इथेनॉलचं पेट्रोल

शुद्ध पेट्रोलला एक किलोमागं साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. म्हणजे जुन्या जेटवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल चाललं की मिश्रण पातळ पडते, इंजिन जास्त तापते, ओढ कमी होते. ऑक्सिजन सेन्सर असलेली इंजेक्शनवाली हे स्वतः सावरून घेते, कार्बोरेटर घेत नाही. चांगला मिस्त्री मेन जेट एक नंबर वाढवून देते, नुसता स्क्रू फिरवून फक्त आयडलिंग सुधारते, लोडवर काही फरक पडत नाही. लिटरमागं ऊर्जाही ६-७ टक्के कमीच आहे, तर एव्हरेज दोन्ही गाड्यांत थोडं पडणारच, त्यासाठी मिस्त्र्याशी भांडू नका.

रबराचं मात्र लगेच करा. जुन्या नळ्या, डायफ्राम, टाकीच्या झाकणाचं रबर हे सगळं इथेनॉलपायी फुगते नाहीतर तडकते. गाडी घेतल्या दिवशी टाकीपासून इंजिनपर्यंतच्या सगळ्या रबरी नळ्या इथेनॉल चालणाऱ्या नळ्यांनी बदलून टाका, इंजेक्शनवालीला जास्त दाबाची नळी आणि तिचीच क्लिप पाहिजे, साधी नळी लावली तर फुटून गरम इंजिनवर पेट्रोल उडते. इथेनॉल टाकीतला जुना गंजही सोडवते, म्हणून पहिल्या काही टाक्यांनंतर फिल्टर परत बदला. आणि ते हवेतलं पाणी ओढते, पावसाळ्यात अर्धी टाकी ठेवून गाडी आठ-आठ दिवस उभी करू नका.

घाट आणि लोड

ट्रायल सपाट रोडवर घेऊ नका. परतवाड्याकडची असेल तर चिखलदऱ्याच्या घाटात, नाहीतर जवळचा एखादा चढ पकडून मागं चार-पाच पोती टाकून चालवा. कार्बोरेटरवाली चढावर सुरुवातीला चांगली ओढून नंतर हळूहळू दम सोडत असेल तर वाटीत पेट्रोल पुरून राहिलं नाही, फिल्टर किंवा पंप पहा. वर गेल्यावर हवा विरळ होते तसं कार्बोरेटरचं मिश्रण जाड होते, थोडा जडपणा चालते, काळा धूर नको. इंजेक्शनवाली त्याच चढावर झटके मारत असेल तर पंपाचं प्रेशर किंवा कॉइल.

एलपीजी-सीएनजी किट असेल तर गाडी ट्रायलला पूर्ण पेट्रोलवर चालवून मागा. वर्षानुवर्षं गॅसवर चाललेल्या गाडीचा कार्बोरेटर आतून कोरडा पडून गॅस्केट आखडलेले राहतात. किट आरसीवर चढलंय का आणि सिलिंडरची टेस्टची तारीख संपली का, तेही पहा. खाजगी गाडीची आरसी १५ वर्षांनी पाच-पाच वर्षांसाठी रिन्यू करावी लागते, त्याचा खर्च सौद्यात धरा.

इंजेक्शन काढून कार्बोरेटर लावलेली गाडी

घेऊ नका. कॉम्प्युटर गेला म्हणून काही ठिकाणी सगळं काढून जुना कार्बोरेटर बसवतात, त्यात टायमिंगचा मेळ राहत नाही, पीयूसी अडकते, आणि विकताना कोणी हात लावत नाही. त्यापेक्षा भंगारातल्या त्याच मॉडेलचा कॉम्प्युटर आणि हार्नेस मिळवून बसवणं कमी खर्चात होते.

सीझन नसताना उभी करायची असेल तर

कार्बोरेटरवालीची पेट्रोलची नळी बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा म्हणजे वाटी रिकामी होते, एअर फिल्टरच्या तोंडाला कापड बांधा आणि स्टेअरिंगला चिठ्ठी लावा की कापड बांधलेलं आहे. इंजेक्शनवालीची टाकी बऱ्यापैकी भरून ठेवा, बॅटरीची निगेटिव्ह काढा, उंदरांसाठी सीटखाली जाळी लावा, आणि दर दहा-बारा दिवसांनी बॅटरी जोडून इंजिन पूर्ण तापेपर्यंत चालवा, नुसतं स्टार्ट करून दोन मिनिटांत बंद करू नका, त्यानं सायलेन्सरमध्ये पाणी साचते. गाडीत कायम ठेवायचं ते म्हणजे कार्बोरेटरवालीत एक नीडल-सीट, एक्सिलेटर पंपाचा डायफ्राम, पेट्रोलची हातभर नळी आणि दोन क्लिप, इंजेक्शनवालीत मेन रिले, पंपाचा रिले, सगळ्या नंबरचे फ्यूज आणि टेस्ट लॅम्प. दोन्हीत एक चांगला प्लग पाना आणि आग विझवायचा छोटा सिलिंडर, तो ड्रायव्हरच्या हाताला लागेल असा सीटजवळ, मागं कॅरेटच्या खाली नाही.